दिवाणखान्यातली चूल

ज्या माणसाच्या घरी वर्षातून दहा महिने पंखा फिरतो, त्याने दिवाणखान्यात फायरप्लेस बांधू नये, हे सांगण्यासाठी खरे म्हणजे लेख लिहावा लागू नये. दुसऱ्याला जामीन राहू नये, नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये, या जातीची ही गोष्ट. शहाण्याला आपोआप कळायला हवी. पण पुण्यात सध्या ती कळेनाशी झाली आहे, म्हणून मला लेखणी उचलावी लागते आहे. एरवी मी लेखणी उचलतो ती फक्त बँकेत, आणि तीही साहेब समोरून येताना दिसले तर.

मी गृहकर्जाच्या टेबलावर बसतो. हल्ली लोक घरासाठी कर्ज काढतात आणि ते घर घरासारखे दिसू नये म्हणून सजावटीसाठी आणखी एक कर्ज काढतात. या दुसऱ्या अर्जाला अंदाजपत्रक जोडावे लागते. पूर्वी त्यात कडाप्पा, जाळी, माळा, मोरीची फरशी अशी सालस नावे असायची. वाचताना आपल्याच घरात हिंडल्यासारखे वाटायचे. आता मात्र दर चार-सहा अर्जांमागे एक ओळ भेटतेच: ‘आर्च्ड फायरप्लेस, फ्लेम इफेक्टसह — १ नग.’ बँकेच्या भाषेत नग म्हणजे वस्तू. बँकेबाहेर नग म्हणजे काय, ते आपण जाणताच. त्या ओळीत हा शब्द नेमका कोणाला उद्देशून आहे, हे ठरवण्याचा अधिकार कारकुनाला नसतो. मी मुकाट्याने शिक्का मारतो. पण शिक्का मारला म्हणून मत बदलत नाही.

ज्यांच्या इमारतीत ही साथ अजून पोचलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. दिवाणखान्याच्या ज्या भिंतीवर पूर्वी कॅलेंडर आणि लग्नातला फोटो असे, त्या भिंतीतून जिप्सम बोर्डाचा एक चौकोनी खांब दीड फूट पुढे काढतात. त्याला खाली कमानीच्या आकाराचे तोंड ठेवतात. तोंडात काच, काचेमागे खोटी लाकडे, आणि लाकडांमागे विजेचे दिवे. रिमोटचे बटण दाबले की आत जाळ दिसू लागतो. दुसरे बटण दाबले की तो निळा होतो, तिसरे दाबले की जांभळा. जांभळा जाळ मी आयुष्यात दुसरीकडे फक्त पौराणिक नाटकात पाहिला आहे, आणि तिथे त्यातून निदान राक्षस तरी बाहेर यायचा.

ऊब हवी असेल तर तीही मिळते. आत साधारण दीड हजार वॅटचा हीटर असतो, म्हणजे तासाला दीड युनिट वीज. पण ते बटण कोणी दाबत नाही. कारण आपली थंडी ती केवढी! जानेवारीतल्या पहाटे पुण्याचा पारा सरासरीने अकरा-बारा अंशांवर असतो आणि नऊ वाजेपर्यंत लोक स्वेटर काढून स्कूटरच्या डिकीत कोंबतात. १९३५ सालच्या जानेवारीत तो एकदा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, हे मान्य. पण ती थंडी पुन्हा पडेल या आशेवर आज वीस वर्षांचे कर्ज काढणे हे लॉटरीचे तिकीट तारण ठेवण्यासारखे आहे. मे महिन्यात तर या मंडळींच्या घरी वर एसी चालू असतो आणि खाली जाळ पेटलेला असतो. पाहुण्याने वर बघून कुडकुडायचे की खाली बघून घाम पुसायचा, हे त्याचे त्याने ठरवायचे.

यात डिझाइनेही पुष्कळ आहेत. इंटिरियरवाला टॅबवर बोट फिरवत एकेक दाखवतो. रोमन म्हणजे अर्धगोल; तंदूरभट्टीची आठवण येते. गॉथिक म्हणजे टोकदार. समोर बसल्यावर कबुलीजबाब द्यावासा वाटतो. ट्यूडर म्हणजे वरून दाबलेली, जणू वरच्या मजल्यावाल्यांनी गव्हाचे पिंप तिच्यावरच ठेवले आहे. व्हिक्टोरियन म्हणजे बिडाच्या चौकटीतली, फुलापानांची. आणि हे चारही पसंत पडले नाहीत तर तो आवाज खाली आणून म्हणतो, ‘‘सर, आपलं काहीतरी ट्रॅडिशनल करू. महिरपवालं. पेशवाई फायरप्लेस!’’ आता इतिहासात पेशवाई फायरप्लेस एकदाच होऊन गेली. १८२८ साली शनिवारवाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत होती. त्यातून उरले ते दगडी तट आणि जोती. हे डिझाइन कोणाला हवे असेल तर माझी हरकत नाही, फक्त बँकेकडे आधी विमा उतरवून घ्यावा.

थट्टा बाजूला ठेवतो आणि माझा पहिला आक्षेप मांडतो. कमान ही मुळात शोभेची वस्तूच नव्हे. ती कामकरी आहे. भिंतीला भोक पाडले की वरच्या भिंतीचे ओझे कोणीतरी पेलावे लागते. लाकडी तुळई टाकली तर खालच्या विस्तवाने ती जळायची. म्हणून जुन्या गवंड्यांनी पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना टेकवून कमान उभी केली. आधी खाली लाकडी साचा ठेवायचा, दोन्ही बाजूंनी दगड रचत यायचे, अगदी मधला दगड शेवटी बसवायचा आणि मग साचा काढून घ्यायचा. त्यानंतर वरून जितके ओझे येईल तितके ते दगड एकमेकांना घट्ट धरतात. पतसंस्थेच्या जामीनदारांसारखे असते ते. एकालाही निसटता येत नाही म्हणून सगळे उभे असतात. विटांची ही कमान वरच्या भिंतीचे आणि धुराड्याचे वजन वर्षानुवर्षे डोक्यावर घेऊन उभी राहते. तिचा बाक पाहून आपल्याला सुंदर वाटते, ते तिच्या कष्टाला आलेले सौंदर्य आहे. हमालाच्या पाठीला असते तसे.

आमच्या दिवाणखान्यातली कमान मात्र चार स्क्रूंवर लटकलेली असते. ती काही उचलत नाही. तिलाच उचलावे लागते, आणि ते कशाने ते मी कॉमर्सचा पदवीधर या नात्याने हिशेबाने सांगतो. पाच फूट लांब आणि दीड फूट रुंद, म्हणजे साडेसात चौरस फूट जागा ती खाते. चौरस फुटाला नऊ हजार दर धरा. झाले साडेसदुसष्ट हजार रुपये. ही नुसती जमीन, जाळ निराळा. आता नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांत एका लाखाचे सुमारे दोन लाख सोळा हजार फेडावे लागतात. म्हणजे या कोपऱ्याचे झाले एक लाख पंचेचाळीस हजारांच्या वर. एवढ्या पैशांत माणूस जिथे खरोखर थंडी आहे अशा ठिकाणी सहकुटुंब जाऊन, खरोखर कुडकुडून, सर्दी घेऊन परत येऊ शकतो.

यावर कोणी म्हणतील, ‘‘अहो, महाबळेश्वरच्या बंगल्यांत नाहीत का फायरप्लेस?’’ आहेत ना. महाबळेश्वर, पाचगणीच्या जुन्या बंगल्यांत त्या आहेत आणि मला त्या आवडतातही. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साडेचार हजार फुटांवर ते थंड हवेचे ठिकाण वसवले. घरची आठवण काढणाऱ्या साहेबाने गारठलेल्या भिंतीत शेकोटी बांधली, तिला वर खरे धुराडे ठेवले आणि तिच्यात खरी लाकडे जाळली. यात खोटे काही नाही. कोकणातला माणूस मुंबईच्या खोलीत तुळस लावतो, तसेच ते.

पण साहेबाची आगटी उचलताना तिची खातेवही उचलायला आपण विसरलो, आणि माझा दुसरा आक्षेप इथे सुरू होतो. त्या खात्यात काय आहे ते पाहू. इंग्लंडात १६६२ साली राजाने दर आगटीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसवला. लोक इतके वैतागले की १६८९ साली तो उठवावा लागला. ही किरकोळ जमा. पुढे आगटीचे तोंड केवढे, घसा किती अरुंद, बाजू किती तिरप्या, यावर काउंट रम्फर्ड नावाच्या गृहस्थाने १७९६ साली निबंध लिहिला. कारण उघड्या आगटीतली बहुतेक ऊब खोलीत न येता धुराड्यातून परस्पर वर जाते, हे त्याच्या ध्यानात आले होते. ही गळती.

आणि नावेची बाजू? धुराड्यात काजळी साचते. ती खरवडायला अरुंद धुराड्यांत लहान मुले चढवत. आठ वर्षांखालच्या मुलाला या कामाला लावू नये, असा कायदा तिथे १७८८ साली करावा लागला. यावरून त्याआधी काय चालत असेल ते समजा, आणि त्यानंतरही बरीच वर्षे तेच चालले यावरून कायद्याचे काय झाले तेही समजा. या पोरांना मोठेपणी काजळीमुळे कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या डॉक्टरने १७७५ साली लिहून ठेवले होते. मुलांना धुराड्यात चढवणे खऱ्या अर्थाने थांबले ते १८७५ च्या कायद्याने. मध्ये बरोबर शंभर वर्षे गेली. आमच्या बँकेतही फायली हळू सरकतात, पण इतक्या नाही. पुढे डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस काळे धुके उतरले. घराघरांतल्या कोळशाच्या आगट्यांचा धूर त्यात होता. हजारो माणसे दगावली. मग १९५६ साली हवा शुद्ध ठेवण्याचा कायदा झाला आणि शहराशहरांतून आगट्या विझू लागल्या. म्हणजे ज्यांची ही शोभा, त्यांनी ती धुरापायी आवरती घेतली. आणि आपण ती धूर वगळून हप्त्याने आणतो आहोत.

धूर वगळून! सगळी मेख इथेच आहे. आगीच्या दोन बाजू असतात. एक बघायची आणि एक सोसायची. बघणारे कोचावर बसतात. सोसणारे कोचावर कधीच नसतात. लंडनला ते धुराड्यात होते. आपल्याकडे कुठे होते, ते मला आमच्या आईने सांगितले, तेही मी विचारलेले नसताना.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वास्तुशांत होती. आई गावाहून आलेली, तिलाही घेऊन गेलो. यजमानांनी कौतुकाने कमानीपुढे नेले आणि बटण दाबले. आईने चष्मा सारखा केला.

‘‘धूर कुठनं जातो रे बाबा?’’

‘‘काकू, धूर होतच नाही याचा.’’

‘‘मग ऊब तरी येते का?’’

‘‘येते, पण आम्ही ते लावत नाही. उकडतं.’’

‘‘मग यावर करता काय?’’

‘‘काही नाही, काकू. नुसतं बघायचं.’’

आई जरा वेळ त्या जाळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘छान आहे. आमच्या चुलीवर बघायचं सोडून बाकी सगळं व्हायचं. डोळेच उघडत नव्हते ना!’’

सगळे हसले. मीही हसलो. पण पेढा खाताना घशाशी अडकला. कारण ती चूल मी पाहिलेली आहे. मातीची, शेजारी वैल असलेली. पावसाळ्यात ओली लाकडे, न पेटणाऱ्या गोवऱ्या आणि हातात लोखंडी फुंकणी. फुंकर मारली की क्षणभर जाळ, आणि मग खोलीभर धूर. तो कौलांच्या फटींतून मिळेल तसा बाहेर जाई. जो जात नसे तो आईच्या आणि आजीच्या छातीत जाई. आजीचा खोकला घरात घड्याळासारखा होता. पहाटे साडेचारला सुरू व्हायचा आणि त्यावर आम्ही उठायचो. तो रोग आहे असे कोणाला वाटले नाही. तो आजीचा स्वभाव आहे असेच आम्ही समजत होतो.

आणि त्याच घरात मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता. बंब आपण पाहिला असेलच. पोटात निखारे, भोवती पाणी, आणि मधून वर जाणारी नळी, धूर जाण्यासाठी. म्हणजे धूर वर न्यायची विद्या आमच्या घराला येत होती! पुरुषांच्या आंघोळीच्या पाण्याला धुराडे होते. बायकांच्या स्वयंपाकाला नव्हते. बंब दर दिवाळीला चिंचेने घासून लखलखीत करत, आणि घासायच्याही बायकाच. या एका वाक्यात आमच्या घराण्याचा सामाजिक इतिहास आला; आणखी संशोधन करायची गरज नाही.

बिनधुराची चूल ठाऊक नव्हती असेही नाही. वर्ध्याला मगनवाडीत गांधीजींच्या ग्रामोद्योगवाल्यांनी धुराड्याची मगन चूल काढली होती. १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींची देशव्यापी मोहीमही काढली. पण दिवाणखान्यातून कधी स्वयंपाकघरात न डोकावलेल्या घरमालकाला त्या धुराड्याची निकड कशी भासावी? डोळे त्याचे चुरचुरत नव्हते. जे आपल्या नाकात जात नाही, ते आपल्या अंदाजपत्रकात येत नाही.

‘चिमणी’ या शब्दाचेच पाहा. आमच्या लहानपणी चिमणी म्हणजे अंगणातला पक्षी, नाहीतर रॉकेलचा टिनपाट दिवा. पक्षी गेला, दिवाही गेला. आता स्वयंपाकघरात गॅसवर तिसरी चिमणी आली आहे, घों घों आवाज करणारी. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. उलट ती शंभर वर्षे आधी यायला हवी होती. पण गंमत बघा. कर्जाची रक्कम मंजुरीत बसत नाही असे मी सांगितले की लोक अंदाजपत्रकातून आधी स्वयंपाकघरातली चिमणी काढतात. ‘‘ती नंतर बघू. फोडणीचा धूर तो केवढा!’’ बाहेरची कमान मात्र तशीच राहते. जिथे धूर आहे तिथली चिमणी रद्द, आणि जिथे धूर नाही तिथे चिमणीचा खांब कायम. शेजारी बसलेली बाई काही बोलत नाही. तिने आईचा खोकला ऐकलेला असतो, पण सही नवऱ्याची असते.

‘‘तुम्ही बँकवाले रूक्ष. शोभेला उपयोग विचारू नये,’’ असे मला ऐकवले जाते. मी रूक्ष नाही. गौरी-गणपतीची महिरप आमच्याकडे मी स्वतः बांधतो, आणि तिचा स्क्रू कुठला आणि तारण काय असे विचारत नाही. ती दहा दिवस मिरवते आणि मग माळ्यावर जाते. ती कसले सोंग घेत नाही. शिवाय कमान आणि ज्योत यांची जोडी हवीच असेल तर ती आपल्या घरात होतीच की! जाड भिंतीतला कोनाडा, वर लहानशी कमान, आत पणती. तिच्या उजेडात माणसे जेवत आणि पोरे परवचा म्हणत. कोनाड्याच्या माथ्यावर काजळीचा एक काळा डाग असे. त्या डागामुळेच तो खरा वाटे. नव्या भिंती चार-सहा इंचांच्या. त्यांत कोनाडा बसत नाही, हे मला कळते. मग कोपऱ्यात एक समई ठेवा. तिला रिमोट नसतो, पण तिच्यापुढे माणूस आवाज खाली आणून बोलतो. जांभळ्या जाळापुढे तसे झालेले मी पाहिले नाही.

आणि चुलीची गोष्ट जुनी झाली, असे म्हणून कोणी सुटू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या चुली-शेगड्यांच्या धुराने २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसे गेली. आपल्याकडे २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, दहा कोटींहून अधिक घरांत गॅस पोचला, हे मोठेच काम झाले. पण आमच्या मामीच्या घरी सिलिंडर कोपऱ्यात झाकून ठेवलेला असतो, पाहुणे आले तर चहाला. रोजच्या भाकऱ्या आणि आंघोळीचे पाणी चुलीवर. ‘‘लाकडाला कोण पैसे मागतंय?’’ असे ती खोकत खोकत विचारते. तिचा मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीवर आहे. त्याच्या अंदाजपत्रकात काय होते, ते बँकेच्या गोपनीयतेच्या नियमामुळे मला सांगता येत नाही. पण तुम्ही ओळखले असेलच.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. तुमचे घर, तुमची भिंत, तुमचा हप्ता. कमान रोमन करा, गॉथिक करा, नाहीतर महिरपवाली करा. मी शिक्का मारीन. त्याचाच पगार घेतो. फक्त ‘आर्च्ड फायरप्लेस — १ नग’ या ओळीखाली आणखी एक ओळ वाढवा: ‘गावच्या चुलीला धुराडे — १ नग.’ पत्र्याच्या नळीचे आणि गवंड्याच्या मजुरीचे मिळून त्याला तुमच्या जिप्समच्या खांबाइतकेही लागणार नाही. त्या ओळीवर मी लगेच शिक्का मारतो, साहेब समोरून येत नसले तरी.